हिरवा गोल आणि धोंड्याचं ताट

"मॅडम, आमच्या खान्देशातली माणसं मुळातच सात्त्विक आहेत," असं मी फोनवर छाती फुगवून सांगितलं, आणि सांगून होतंय तोच स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, "अहो, श्रावण चालू आहे."

फोनवर आमच्या पुण्याच्या मॅडम होत्या. मूळच्या कोलकात्याच्या, हुशार, आणि मासे न खाण्याचा एखादा अख्खा महिना असू शकतो ही कल्पनाच नसलेल्या. मी त्यांच्या हाताखाली जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांचं काम बघत होतो. काम असं: लोकांच्या मोबाईलवर एक लिंक पाठवायची. ती उघडली की प्रश्न येतात. काय खाता, किती चालता, किती झोपता, तंबाखू, दारू, घरात कुणाला बीपी किंवा शुगर आहे का. हजारो लोकांची उत्तरं एकत्र केली की कोणत्या भागात कोणता आजार दबा धरून बसलाय याचा अंदाज येतो आणि तपासणीची शिबिरं कुठे लावायची ते ठरतं. त्याआधी मी औषध कंपनीची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात ताटकळायचो. आता बॅग गेली आणि लिंक आली. ताटकळणं राहिलंच.

तर पहिल्या खेपेची उत्तरं पाहून मॅडम चक्रावल्या होत्या. "गेल्या सात दिवसांत मद्यपान केलं का?" जवळपास सगळे 'नाही'. "मांसाहार?" नाही. उलट गोड खाण्याचं प्रमाण आभाळाला टेकलेलं, तेही खास करून लग्न झालेल्या पुरुषांत. त्यांनी सरळ विचारलं, "तुम्ही लोक घरी बसून भरताय का हे?" ते मला लागलं. म्हणून तो सात्त्विकपणाचा झेंडा.

बायको बोलल्यावर माझा झेंडा खाली आला. "मॅडम, एक मिनिट," म्हटलं. "हा महिना जरा वेगळा आहे. यात लोक पिणं-खाणं पाळतात. शिवाय यंदा तो अधिक आहे. तीन वर्षांतून एकदा एक महिना जादाचा येतो, त्यात जावयाला सासरी बोलावून गोडाचं जेवण घालतात."

"म्हणजे हा जादाचा महिना आहे?"

"हो."

"आणि तो संपल्यावर?"

"पुन्हा हाच महिना."

मग मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला हे आधी माहीत नव्हतं?"

"होतं," मी म्हटलं.

जन्म जळगावात गेला. गल्लीत अधिक श्रावण धरायचा की नाही यावर पुरुषांचं एक मत आणि बायकांचं दुसरं मत असे कडाक्याचे वाद मी कानांनी ऐकत होतो. आणि तरी त्याच आठवड्यात मी दोन जिल्ह्यांना 'गेल्या सात दिवसांत प्यालात का' असं विचारून मोकळा झालो. या धंद्यात कॅलेंडर भिंतीवर टांगून भागत नाही, हे मी तेव्हा शिकलो. मॅडमनी तो भाग नंतर पुन्हा घ्यायचं ठरवलं. मी दिवाळीनंतरचा मुहूर्त सुचवला, तेव्हा बायको म्हणाली, "म्हणजे फराळ संपवून? छान." आमच्याकडे सर्वेक्षणाला निर्दोष महिना नाही. मी शोधून पाहिला आहे.

बाहेरच्यांना वाटतं, लिंकवर बोटं टेकवायची, त्यात काय एवढं. पण प्रश्न पुण्यात लिहिला जातो आणि उत्तर पाचोऱ्यात द्यावं लागतं. माणूस न वाचता भराभर टिचक्या मारतोय का ते ओळखायला आम्ही मधेच एक सापळा लावतो: 'तुम्ही लक्ष देऊन वाचत आहात हे समजण्यासाठी येथे "कधीकधी" निवडा.' पाचोऱ्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचा मला फोन आला. "अहो, मी नेहमीच लक्ष देऊन वाचतो. 'कधीकधी' लिहिणं खोटं ठरेल." त्यांनी 'नेहमी' निवडलं, आणि आमच्या यंत्राने या सगळ्यांत लक्षपूर्वक वाचणाऱ्या एकमेव माणसाला बेफिकीर म्हणून बाद केलं. मी त्यांना हाताने परत आत घेतलं. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतून एकाने विचारलं, "रात्री किती वाजता झोपता, यात कोणत्या आठवड्याची शिफ्ट धरू?" त्याला द्यायला आमच्याकडे रकानाच नव्हता.

धुळ्याचा प्रकार तर औरच. तिथल्या बाजारातले कापडाचे व्यापारी भागचंदशेठ यांनी आमची लिंक आपल्या व्यापारी ग्रुपवर टाकली आणि दोन दिवसांत उत्तरांचा पाऊस पडला. मी खूश. मग जरा निरखून पाहिलं तर सगळ्यांची उंची पाच फूट सात इंच. बायकांचीसुद्धा. वजनही एकच. झोप एकच. मी बस पकडून धुळे गाठलं.

"साहेब, लोक पूछत होते कसं भरायचं," शेठ गादीवर टेकून म्हणाले. "म्हणून मी माझा भरून त्याचा फोटो टाकला. नमुना म्हणून."

"शेठ, सगळ्यांनी तुमचीच उंची लिहिली हो."

"मग? कमी आहे का?"

दुकानातला माणूस ठाण गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "मन्हं वजन बी आते शेठइतलंच शे, भाऊ. बठ्ठास्नं तेच शे." तो अंगाने काडी होता.

मी शेजारच्या दुकानातून वजनकाटा मागून आणला आणि पहिल्यांदा शेठनाच उभं केलं. त्यांनी लिहिलेलं वजन त्यांच्या लग्नातलं निघालं. काट्याकडे बघून ते एकदा उतरले, चप्पल काढून पुन्हा चढले, मग नोकराला म्हणाले, "हा काटा इथंच राहू दे." त्यानंतर त्या दुकानात कापड घेणाऱ्याला आधी काट्यावर चढावं लागे. ग्रुपवर शेठनी नवा संदेश टाकला: 'माझं बघून भरू नये. दुकानात येऊन मोजून भरावे.' धुळ्याची आमची उत्तरं पुढे सगळ्यांत खरी निघाली आणि त्याचं श्रेय मॅडमनी मला दिलं. मीही ते घेतलं.

पण मला जे सांगायचं आहे ते माझ्या सासरचं आहे.

आमच्या प्रश्नावलीच्या शेवटी एक रंगीत गोल यायचा. हिरवा म्हणजे धोका कमी, पिवळा म्हणजे सांभाळा, तांबडा म्हणजे डॉक्टर गाठा. लोकांना तो गोल फार आवडे. परीक्षेचा निकाल असल्यासारखे एकमेकांना दाखवत. लिंक गावागावांत जाण्याआधी पहिली मीच भरून पाहिली होती. हिरवा आला. तो मी घरात सगळ्यांना दाखवला. बायको म्हणाली, "हं."

माझे मेहुणे वसंतभाऊ, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, यावल तालुक्यात केळी करतात. उंचापुरा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यांचाही गोल हिरवा आला आणि त्यांनी तो व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावला. खाली लिहिलं, 'केळीवाल्याला शुगर होत नाही, तो लोकांना देतो.' साऱ्या नातेवाइकांनी अंगठे पाठवले. मीही पाठवला.

मग माझ्या सासूबाईंचा, अक्कांचा फोन येऊ लागला. लेकीला सांगायच्या, "वसंता पाण्याची घागर उशाशी घेऊन निजतो. लेंग्याची नाडी लांब लांब होत चालली व माय." आणि शेवटी, जाता जाता सांगितल्यासारखं: केळीचे पील, म्हणजे बुंध्याशी फुटलेले कोंब, काढताना त्यांच्या पायाच्या बोटाला कोयता लागला होता, ती जखम बरी होईना.

हे ऐकल्यावर बायकोने, कल्पनाने, फोन ठेवला. "आबांचं असंच सुरू झालं होतं," ती म्हणाली. आबा म्हणजे तिचे वडील. त्यांच्या पायाला असंच काहीतरी लागलं, ते चिघळलं, पाय काळा पडला, आणि ते बाजेवरून उठले नाहीत. त्या काळी त्यांच्या रक्तातली साखर कुणी तपासली नाही. म्हणून आमच्या प्रश्नावलीत 'वडिलांना मधुमेह होता का' याला वसंतभाऊंनी 'नाही' लिहिलं होतं. 'डॉक्टरांनी तुम्हाला मधुमेह असल्याचं सांगितलं आहे का' यालाही 'नाही'. दोन्ही उत्तरं त्यांच्या परीने खरी. डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, कारण ते डॉक्टरांकडे गेले नव्हते. जो माणूस जन्मात कधी तपासायला गेला नाही, तो आमच्या हिशेबात सगळ्यांत निरोगी ठरत होता. एवढे शिकलेले लोक आम्ही, एवढ्या बैठका, चहा, बिस्किटं, आणि हे भोक कुणाला दिसलं नव्हतं.

मी फोन लावला. "भाऊ, एकदा शुगर बघून घ्या."

"दाजी, तुमच्याच मोबाईलनं हिरवा दिला ना?"

"तो अंदाज असतो हो."

"मंग तांबडा आला असता तर तुम्ही अंदाज म्हनले असते का? मले काय धाड भरली? केळी कापनीला आली, इथं मरायला सवड नाही."

मी पुन्हा दोनदा फोन केला. कल्पनाने केला. ती रडलीसुद्धा. भाऊंनी तिला समजावलं की रडू नको, दाजींच्या मोबाईलमध्ये सगळं बरोबर आहे. माझाच गोल माझ्या नरड्यात अडकला होता.

तेवढ्यात धोंड्याच्या जेवणाचं आमंत्रण आलं. अधिक महिन्यात जावयाला देव मानतात. उरलेली तीन वर्षं काय मानतात त्यावर मी बोलत नाही. आम्ही गाडीने निघालो. कामाच्या दुसऱ्या टप्प्यासाठी मला शुगर तपासायची काही यंत्रं मिळाली होती, ती घरात खोक्यांतच होती. त्यातलं एक कल्पनाने पिशवीत टाकलेलं मी पाहिलं.

"मी पुन्हा विचारून बघतो त्यांना," मी म्हणालो.

"विचारू नका. विचारून विचारून तुम्ही किती लोकांकडून खरं काढलंय ते माहीत आहे मला," ती म्हणाली. "आज विचारायचं नाही. आज मागायचं."

सासरी अंगणात रांगोळी, दारात वहिनी भाकरतुकडा घेऊन उभ्या. आत दोन पाट मांडलेले. आम्ही बसलो आणि वसंतभाऊ परात आणि तांब्या घेऊन माझे पाय धुवायला खाली वाकले. वयाने ते मोठे. मला दर खेपेला संकोच होतो, आणि ते दर खेपेला म्हणतात, "बसा हो दाजी, आज तुम्ही देव." त्या दिवशीही म्हणाले. पण वाकताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला. मी खाली पाहिलं. माझे दोन पाय परातीत, गोरेगोमटे, ऑफिसातले. आणि परातीच्या पलीकडे त्यांचा पाय. अंगठ्याला जुन्या धोतराची पट्टी, त्यावर हळदीचा डाग, आणि डागाच्या कडेला ओलं. वासही आला. ते मात्र मन लावून माझ्या टाचा पुसत होते.

शेजारी कल्पनाने माझ्याकडे पाहिलं नाही. तिला बघवत नव्हतं.

ताट आलं. पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, अनारशांचा ढीग, आमरसाऐवजी खीर, कुरडया, भजी. वहिनींनी ओवाळलं. अक्का म्हणाल्या, "घ्या जवाईबुवा, सुरू करा."

मी हात मांडीवर ठेवला.

"घ्या ना."

"मी जेवणार नाही," मी म्हणालो.

लग्नाला एवढी वर्षं झाली, मी सासरी कधी रुसलो नव्हतो. मानपानावरून नाही, आहेरावरून नाही. रुसायची कला अवगत नसल्यामुळे माझा आवाज जरा किरटाच निघाला. पण परिणाम जबरदस्त झाला. भजी तळणं थांबलं. वहिनी आत गेल्या आणि आतून कुजबुज ऐकू आली, "अंगठी कमी वजनाची आनली, म्या तेव्हाच म्हनलं होतं." दुसरा आवाज: "कपडे आवडले नसतीन." वहिनी बाहेर आल्या त्या आणखी एक शर्टपीस घेऊन. मी मान हलवली. त्या परत गेल्या आणि आता पैठणीचा खोका घेऊन आल्या. माझ्यासाठी पैठणी! कल्पनाने खोक्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, पण डगमगली नाही.

अक्कांचा चेहरा पडला. "धोंड्याच्या दिवशी जवाई ताटावरून उपाशी उठला तर लोकं काय म्हनतीन? काय चुकलं बापा आमचं?"

मला घाम फुटला. म्हाताऱ्या माणसाला असं करताना बरं वाटत नव्हतं, आणि समोरचे धोंडे थंड होत होते. पण तेव्हा जेवलो असतो तर पुन्हा तीन वर्षं थांबावं लागलं असतं, आणि तो पाय थांबणारा नव्हता.

वसंतभाऊ लंगडत पुढे आले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले. "दाजी, मोकळं बोला. काय पाहिजे? गाडी पाहिजे? बोला. बहीन दिली तुम्हाले, गाडीचं काय."

"बोट द्या," मी म्हणालो.

"काय?"

"तुमचं बोट. एक थेंब रक्त. ते मिळालं की मी जेवतो. नाही मिळालं तर असाच उठतो आणि धोंड्याच्या महिन्यात पुन्हा या दारात येत नाही."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग कल्पनाकडे. तिने पिशवीतून यंत्राचं खोकं काढून पाटाशेजारी ठेवलं होतं. "म्हनजे तुम्ही दोघं ठरवून आले," ते म्हणाले. कल्पना म्हणाली, "हो दादा. आबांना कुणी मागितलं नाही." आणि तिला पुन्हा रडू आलं.

त्यांनी बोट पुढे केलं. सकाळपासून त्यांनी साधा चहाही घेतला नव्हता. जावई जेवल्याशिवाय यजमान खात नाही. मी सुई टोचली. एवढा दांडगा माणूस, डोळे मिटून बसला. पट्टीवर थेंब घेतला. आकडा आला. मी दुसऱ्या हाताचं बोट मागितलं, कारण असला आकडा आमच्यात दोनदा बघायची पद्धत आहे. दुसऱ्यांदाही तोच, किंचित वरच.

"हिरवा का?" भाऊंनी विचारलं.

"तांबडा," मी म्हणालो. "गडद."

भाऊंनी ताट माझ्याकडे सरकवलं. "जेवा आता. शब्द दिला होता तुम्ही." मी जेवलो. कसं जेवलो ते मलाच ठाऊक, पण एकही धोंडा मागे ठेवला नाही, कारण मी ठेवला असता तर अक्का मोडून गेल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्यांना घेऊनच जळगावला आलो. डॉक्टरांनी जखम उघडून पाहिली आणि म्हणाले, अजून थोडे दिवस गेले असते तर बोटावर भागलं नसतं. भाऊ दवाखान्यात राहिले, इन्शुलिन घ्यायला शिकले, जखम साफ होत होत भरली. बोट वाचलं. पुढे त्यांना स्वतः केळीच्या मळ्यात उभं राहून कापणी करून घेताना मी पाहिलं, पायात बूट घालून, आणि मजुरांवर नेहमीसारखे ओरडत. स्टेटस मात्र बदललं. आता तिथे त्यांच्या बुटांचा फोटो आहे.

मी पुण्याला मॅडमना सगळं सविस्तर लिहून पाठवलं, पैठणीसकट. त्यांनी एक प्रश्न वाढवला: 'तुमची शुगर कधी तपासली आहे का?' आणि ज्याने 'कधीच नाही' लिहिलं, त्याला हिरवा गोल देणं बंद झालं. त्याला करडा गोल येतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'माहीत नाही. तपासून घ्या.' माझ्या नोकरीत मी केलेलं हे सगळ्यांत चांगलं काम, असं मला आजही वाटतं. त्यानंतर आमच्या शिबिरांना माणसं येऊ लागली. करडा रंग लोकांना सहन होत नाही.

ज्या दिवशी नवी लिंक सुरू झाली, त्या दिवशी मी घरी आलो ते जरा ताठच चालत. कल्पनाला सगळं सांगितलं. तुझ्या भावाचा पाय, माझा प्रश्न, मॅडमनी केलेलं कौतुक. शिवाय असंही सांगितलं की खान्देशात आरोग्यासाठी रुसणारा बहुधा मी पहिलाच जावई असेन.

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग माझा फोन मागून घेतला, नवी लिंक उघडली, आणि मला समोर बसवून प्रश्न वाचायला लागली. नव्या प्रश्नापाशी आल्यावर थांबली. "कधी तपासली आहे का?"

मी पंख्याकडे पाहिलं. बॅग घेऊन दवाखान्यांत आयुष्य गेलं, यंत्रांची खोकी घरात पडलेली, तेवढं एक राहून गेलं होतं.

तिने करडा गोल मला दाखवला, फोन बाजूला ठेवला आणि कपाटातून एक खोकं काढलं. ते फोडत म्हणाली, "द्या बोट. आणि रुसायचं असेल तर खुशाल रुसा. इथे पैठणी घेऊन मागे धावणारं कुणी नाही."